गाडीतला बेस: सबवूफर आणि अ‍ॅम्प निवडण्यापासून ट्यूनिंगपर्यंत

गाडीत सबवूफर (थोडक्यात सब), म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती वॉटचा घेऊ?' माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. डिकीतली किती जागा सोडायची तयारी आहे, ते आधी ठरवा. जागेवरून बॉक्स ठरतो, बॉक्सवरून सब, सबच्या ओहमवरून, म्हणजे तो विजेला किती विरोध करतो त्या मापावरून, अ‍ॅम्प आणि अ‍ॅम्पच्या करंटवरून वायर नि फ्यूज. वॉट या क्रमात आपसूक येतात. वॉटपासून सुरुवात केली की आधी कळस मग पाया अशी गत होते. अ‍ॅम्प दणकट, वायर कानातल्या काडीएवढी, बॉक्स जो मिळाला तो, आणि गाणं कुठलंही लावा, बेस एकाच सुरात 'घुंम घुंम' करत राहतो.

गाडीच्या आत बेसचं काय होतं

सबवूफरचं काम साधारण २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते. ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा ठोका ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास छातीला जाणवतो. दारातले साडेसहा इंची स्पीकर या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात दमतात. पडदा भरपूर हलतो, पण आवाज निघत नाही, आणि त्या ओढाताणीत वरचे गायकाचे सूरही गढूळ होतात. म्हणून सब बसवल्यावर पहिला फरक बेसमध्ये कमी आणि दारातल्या स्पीकरच्या स्वच्छपणात जास्त जाणवला, तर नवल नाही.

घरातल्या खोलीपेक्षा गाडी वेगळी वागते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. एवढी लहर गाडीत मावतच नाही, त्यामुळे खालच्या सुरांना केबिनमधली सगळी हवा एकदमच दाबली जाते आणि सोडली जाते. परिणाम असा की साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली जितकं उतरावं तितकी गाडी स्वतःहून बेस वाढवून देते. हिशेबाने ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षात दारांच्या फटी, काचा आणि लवचिक पत्रा यांमुळे ती कमी भरते. पण सीलबंद बॉक्समधल्या सबचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घटतो, हे लक्षात घेतलं तर गंमत कळेल: एक घटतं तिथे दुसरं भरून काढतं. म्हणूनच मोकळ्या हवेत मोजलेला आलेख पाहून 'हा सब खाली जात नाही' असा निकाल देऊ नये.

बॉक्स: निम्मा आवाज इथे ठरतो

बाकी सगळ्या भागांपेक्षा बॉक्सबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं. चांगला सब चुकीच्या बॉक्समध्ये गेला तर ट्यूनिंगने तो सुधारत नाही.

सीलबंद बॉक्स लहान असतो, बांधायला सोपा असतो आणि त्यातला बेस नेटका, थांबायच्या वेळी थांबणारा असतो. मोजमापात थोडं इकडेतिकडे झालं तरी तो चालवून घेतो. पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठरावीक मापाचं भोक किंवा नळी, असलेला बॉक्स तेवढ्याच वॉटमध्ये त्याच्या ट्यूनिंगच्या सुराभोवती, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते त्याभोवती, जास्त आवाज देतो, मात्र तो मोठा होतो, त्याचं गणित काटेकोर असावं लागतं आणि ट्यूनिंगच्या खाली सबचा पडदा हवेचा आधार सुटल्यासारखा मोकाट हलतो. ३५ हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्समध्ये २० हर्ट्झचा जोरदार सूर गेला, तर अगदी कमी वॉटमध्येही सब आपटून खराब होऊ शकतो. त्यामुळे अशा बॉक्ससोबत सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी सोय, असलेला अ‍ॅम्प हवाच.

बँडपास बॉक्स, ज्यांत सब आत दोन कप्प्यांच्या मधे दडलेला असतो, तयार मिळतात, दिसायला झकास असतात आणि एका अरुंद पट्ट्यात खूप वाजतात. मला ते आवडत नाहीत. सीटखालचे अ‍ॅम्पसकट येणारे चपटे सब जागा नसेल तर उत्तम तोडगा आहेत, फक्त त्यांच्याकडून ३० हर्ट्झची अपेक्षा ठेवायची नाही.

पहिल्यांदाच करत असाल आणि सगळ्या प्रकारची गाणी ऐकत असाल, तर सीलबंद बॉक्स घ्या. त्याचा आकार कसा काढायचा, ते एका उदाहरणाने पाहू.

प्रत्येक चांगल्या सबबरोबर आकड्यांचा एक तक्ता येतो. त्यातल्या राशींना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या अभियंत्यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत हे गणित बसवलं. आपल्याला त्यातले दोन आकडे लागतात: क्यूटीएस, म्हणजे सबचा पडदा किती आवरून धरलेला आहे त्याचं माप, आणि व्हीएएस, म्हणजे सबच्या लवचिकपणाइतकीच 'स्प्रिंग' देणारं हवेचं आकारमान. बॉक्समध्ये बसवल्यावर मिळणाऱ्या एकूण आकड्याला क्यूटीसी म्हणतात आणि तो ०.७च्या आसपास आला की आवाज सपाट व नेटका मिळतो. ०.९ ते १च्या पुढे गेला की ५०-७० हर्ट्झला उंचवटा येतो, आणि तोच तो 'घुंम'.

समजा क्यूटीएस ०.४५ आहे आणि व्हीएएस ४० लिटर. ०.७०७ ला ०.४५ने भागा: १.५७. त्याचा वर्ग २.४७. त्यातून १ वजा करा: १.४७. आता ४० लिटरला १.४७ने भागा. उत्तर साधारण २७ लिटर. एवढी हवा बॉक्सच्या आत हवी.

आता लाकूड. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ वापरायचा. बाहेरून ४४ बाय ३२ बाय २९ सेंटिमीटरचा बॉक्स घेतला, तर प्रत्येक बाजूतून ३.६ सेंटिमीटर वजा होतात. आतलं माप ४०.४ बाय २८.४ बाय २५.४, म्हणजे सुमारे २९ लिटर. सबचं चुंबक आणि सांगाडा आत साधारण २ लिटर जागा खातात. उरले २७. बाहेरची मापं गुणून 'चाळीस लिटरचा बॉक्स' म्हणणारे पुष्कळ भेटतात. याच बॉक्सचा बाहेरून गुणाकार केला तर ४१ लिटर येतो, आणि आत हवा आहे त्याच्या दोन तृतीयांश. पोर्ट असेल तर पोर्टने व्यापलेली जागाही वजा करायची. घनफुटात दिलेलं माप असेल, तर एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

सांधे लाकडी गोंद लावून स्क्रूने आवळा आणि आतून सगळ्या कडांवर सीलंट फिरवा. बॉक्स तयार झाल्यावर सब बसवून पडदा हाताने हलकेच, सरळ आत दाबा. हात काढल्यावर तो सावकाश वर आला तर बॉक्स हवाबंद आहे. चटकन उसळला तर कुठेतरी गळतंय. टर्मिनलची प्लास्टिकची वाटी हे गळतीचं नेहमीचं ठिकाण. आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला तर सबला बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वाटतो. जागेची अडचण असेल तेव्हा हा उपाय कामी येतो.

सब निवडताना काय पाहायचं, काय सोडायचं

'मॅक्स', 'पीक', 'म्युझिक पॉवर' हे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात. ते सोडून द्या. फक्त आरएमएस पाहा, म्हणजे सतत सोसता येणारी ताकद. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ३०० आणि ४०० वॉटच्या सबमधला फरक म्हणजे सव्वा डेसिबल. त्यापायी झोप उडवून घेऊ नका.

त्यापेक्षा संवेदनशीलतेचा आकडा पाहा: एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल. ८४ आणि ८७मध्ये दिसायला फरक तीनाचा आहे, पण ८४चा सब ८७च्या बरोबरीला आणायला दुप्पट वॉट मोजावे लागतात. काही कंपन्या हा आकडा एका वॉटऐवजी २.८३ व्होल्टला देतात. २ ओहमच्या सबला २.८३ व्होल्ट म्हणजे ४ वॉट होतात, तेव्हा तुलना करताना ते ६ डेसिबल वजा करा.

आकाराबद्दल: १० इंची सब चपळ आणि १२ इंची सुस्त, हे अर्धसत्य आहे. बॉक्स बरोबर असेल तर १२ इंचीही तितकाच नेटका वाजतो, शिवाय तेवढ्याच आवाजाला त्याचा पडदा कमी हलतो. त्याला जागा मात्र जास्त लागते, म्हणून लहान गाडीत १० इंची सोयीचा. पडदा एका दिशेला किती मिलिमीटर सरळ रेषेत हलू शकतो, तो एक्समॅक्स. दोन सबची बाकी सगळी मापं सारखी असतील तर जास्त एक्समॅक्सचा निवडा.

सीलबंद की पोर्टवाला, याचा अंदाज बांधायची एक सोपी युक्ती आहे. सबच्या एफएसला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अनुनादाच्या सुराला, तक्त्यातल्याच क्यूईएस या आकड्याने भागा. उत्तर ५०च्या खाली आलं तर सीलबंद, १००च्या आसपास किंवा वर आलं तर पोर्ट, मधे आलं तर दोन्ही चालतं. हा अंदाज आहे, कायदा नाही. कंपनीने सुचवलेला बॉक्स वेगळा असेल तर कंपनीचं ऐका.

ओहम जुळवणं

अ‍ॅम्पचे वॉट ओहमनुसार बदलतात, म्हणून सब घ्यायच्या आधीच दोघांची जोडी कागदावर जमवा. कॉइल म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं; सब एका कॉइलचा असतो किंवा दोन कॉइलचा. दोन कॉइलचा ४ ओहमी सब असेल तर दोन्ही कॉइल समांतर जोडल्यावर २ ओहम आणि एकसरीत जोडल्यावर ८ ओहम मिळतात. दोन कॉइलचा २ ओहमी असेल तर १ किंवा ४. असे दोन सब असतील तर पर्याय वाढतात: दोन कॉइलचे ४ ओहमी दोन सब सगळे समांतर जोडले तर १ ओहम, प्रत्येकाच्या कॉइल एकसरीत आणि मग दोन सब समांतर जोडले तर ४ ओहम. दोन सबपैकी एकाचीच जोडणी निराळी किंवा दोघांचे ओहम वेगळे, असं कधीही करू नका. वॉट असमान वाटले जातात.

'२ ओहम स्टेबल' अ‍ॅम्पला १ ओहम जोडला की तो एक तर प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नाहीतर कायमचा जातो. जोडणी झाल्यावर अ‍ॅम्पला लावण्याआधी बॉक्सच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने ओहम मोजा. ४ ओहमचा सब मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. तो दोष नव्हे, मीटर डीसी रोध मोजतो आणि तो नेहमी थोडा कमीच असतो. तिथे १.७ दिसलं तर मात्र जोडणी पुन्हा तपासा, तुम्ही २ ओहम केलेला आहे.

बरं, ओहम जितका कमी तितकं चांगलं असं नाही. १ ओहमला जास्त वॉट मिळतात, पण अ‍ॅम्प जास्त तापतो, कार्यक्षमता घसरते आणि वायरमधला अपव्यय वाढतो. हवे तेवढे वॉट २ किंवा ४ ओहमला मिळत असतील तर तिथेच थांबा.

अ‍ॅम्प: खोक्यावरचा आकडा आणि फ्यूजचा आकडा

सबसाठी एका चॅनलचा क्लास डी मोनोब्लॉक घ्या. घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त तो सबकडे पोचवतो. जुन्या पद्धतीचा क्लास एबी अ‍ॅम्प जोरात वाजताना साधारण ५०-६० टक्केच पोचवतो, बाकीची उष्णता. दारातले चार स्पीकर आणि सब दोन्ही चालवायचे असतील तर पाच चॅनलचा अ‍ॅम्प वायरिंग निम्मं करतो.

आकडे खरे की खोटे ओळखायला दोन खुणा. एक, सीईए-२००६ हे मानक, ज्याला आता सीटीए-२००६ म्हणतात. त्यानुसार वॉट मोजताना १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती अशी अट असते. दुसरी खूण अ‍ॅम्पच्या अंगावरच असते: फ्यूज. समजा खोक्यावर ३००० वॉट लिहिलंय आणि अ‍ॅम्पला ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ६० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ८२८ वॉट आत येऊ शकतात. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बाहेर सुमारे ६६० वॉट. फ्यूज क्षणभर जास्तीचा करंट सोसतो हे खरं, पण त्याने ६६०चे ३००० होत नाहीत.

सब ४०० आरएमएसचा असेल तर अ‍ॅम्प ४०० ते ५०० आरएमएसचा घ्या आणि गेन (इनपुटशी जुळवायचा त्याच्यावरचा स्क्रू, त्याबद्दल पुढे) आटोक्यात ठेवा. कमी वॉटच्या अ‍ॅम्पने सब जळतो, ही समजूत जशीच्या तशी खरी नाही. लहान अ‍ॅम्प आरामात वाजला तर काहीच होत नाही. तोच ताणून वाजवला की लहरींचे शेंडे छाटले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या दुप्पट ताकद असते. कॉइल जळते ती त्या उष्णतेने.

करंट, वायर आणि फ्यूज

५०० वॉट आरएमएस बाहेर हवे तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने ६२५ वॉट आत लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर. संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नसतं, त्यामुळे सरासरी ओढ याच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा कमी राहते. पण वायर मात्र पूर्ण ४५साठीच निवडायची.

बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प डिकीत असेल तर वायर ५ मीटर सहज लागते. ८ गेजची, म्हणजे ८.४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४५ अँपिअरला या अंतरात जवळपास अर्धा व्होल्ट खाते. ४ गेजची, २१ चौरस मिलिमीटरची, फक्त ०.२ व्होल्ट. म्हणून ५०० वॉटला ४ गेज. आता एक फसवणूक: बाजारातल्या बऱ्याच किटमधली वायर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश असते. टोक सोलून तार चाकूने खरवडा, आत पांढरट दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. ती वापरायचीच असेल तर एक-दोन गेज जाड घ्या.

बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज बसलाच पाहिजे. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं आवरण कापलं गेलं, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि फ्यूज नसेल तर आग लागते. ४ गेजच्या तांब्याच्या वायरला ६० ते १०० अँपिअरचा फ्यूज चालतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकाच्या धारेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढा. कुठेही भोक पाडण्याआधी पत्र्याच्या पलीकडे इंधनाची नळी, ब्रेकची नळी किंवा एअरबॅगची वायर नाही ना, ते खाली वाकून डोळ्यांनी बघा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलच्या वाटेलाही जायचं नाही, त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो. तिथला १२ व्होल्टचा पुरवठा डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून येतो आणि त्याची क्षमता किती शिल्लक आहे, ते कंपनीच्या कागदपत्रांत पाहून मगच अ‍ॅम्प ठरवा.

अर्थिंगची वायर धन वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड. सीटबेल्टचे बोल्ट अर्थिंगला वापरू नयेत. पत्र्याचा जाडसर, बॉडीला वेल्ड केलेला भाग निवडा, रंग उघडा पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दात असलेला वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून गंज न चढण्यासाठी रंग किंवा ग्रीस लावा. स्टिरिओकडून सिग्नल आणणारी आरसीए केबल शक्यतो धन वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

मूळ कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा असेल तर स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यावा लागतो, थेट स्पीकरची वायर घेणाऱ्या हाय-लेव्हल इनपुटने किंवा तो सिग्नल आरसीएजोगा करणाऱ्या लाइन आउटपुट कन्व्हर्टरने. इथे एक खोच आहे. दारातले छोटे स्पीकर वाचवण्यासाठी बरेच कंपनी स्टिरिओ आवाज वाढवला की बेस गुपचूप कमी करतात. म्हणजे हळू वाजताना सब छान आणि आवाज वाढवला की गायब. असं होत असेल तर गेन पिळू नका, हा बेस परत भरून देणारा प्रोसेसर लावा.

गेन बसवणं

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओमधून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, त्याच्याशी अ‍ॅम्पची पूर्ण ताकद जुळवणारा तो स्क्रू आहे. तो अर्धा फिरवला म्हणजे अर्धे वॉट, असं काही नसतं. स्टिरिओ तगडा सिग्नल देत असेल तर पाव फिरवण्यातच अ‍ॅम्प शेवटाला पोचतो.

लागतात तीन गोष्टी: मल्टिमीटर, ५० हर्ट्झच्या शुद्ध सुराची ० डेसिबलला, म्हणजे फाइलमध्ये मावेल त्या कमाल पातळीला, ध्वनिमुद्रित केलेली फाइल आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर. ५० हर्ट्झ अशासाठी की साध्यातला साधा मीटरही घरच्या विजेच्या या वारंवारतेला एसी व्होल्ट बरोबर दाखवतो. १००० हर्ट्झला स्वस्त मीटर हमखास चुकतात.

१. सबच्या वायर अ‍ॅम्पवरून काढा. स्टिरिओवरचे इक्वलायझर, लाउडनेस, बेस बूस्ट सगळे शून्यावर. अ‍ॅम्पवरचा बेस बूस्टही शून्य. लो-पास फिल्टर (ठरावीक सुराच्या खालचंच सोडणारा) वरच्या टोकाला, म्हणजे ५० हर्ट्झ विनाअडथळा जाईल. सबसॉनिक सगळ्यात खाली.

२. गेन पूर्ण कमी करा. इंजिन सुरू ठेवा, म्हणजे अ‍ॅम्पला चालत्या गाडीतला व्होल्टेज मिळेल. हे उघड्यावरच करायचं, बंद गॅरेजमध्ये धूर जीव घेतो.

३. सूर लावून स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या. ४०पर्यंत जाणारा असेल तर ३०. बहुतेक स्टिरिओ इथवर स्वच्छ राहतात आणि हीच पुढे तुमची कमाल मर्यादा.

४. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मीटर एसी व्होल्टवर लावा. हवे असलेले वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा. ५०० वॉट २ ओहमला ३१.६ व्होल्ट. सब ४०० वॉटचाच असेल तर २८.३ व्होल्ट. ३०० वॉट ४ ओहमला ३४.६.

५. सूर बंद करा, स्टिरिओ बंद करा, सब परत जोडा, गेनच्या जागेवर मार्करने खूण करा.

या पद्धतीने मोजलेले वॉट खरे वॉट नसतात. बॉक्समधल्या सबचा रोध सुरागणिक बदलतो आणि बहुतेक ठिकाणी छापील आकड्याहून जास्तच असतो. पण आपल्याला अ‍ॅम्प कुठे छाटायला लागतो ती सीमा हवी असते, आणि ती या पद्धतीने पुरेशी सापडते. ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तमच. काही जण उणे ५ डेसिबलचा सूर वापरतात. त्याने सब मोठा वाजतो, पण पूर्ण पातळीला मुद्रित केलेला बेस आला की ५ डेसिबलने छाटला जातो. मी आधी ० डेसिबलवर बसवून महिनाभर ऐकेन, आणि खरंच कमी वाटलं तरच दुसरा पर्याय वापरेन.

बेस बूस्टबद्दल एवढंच: ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुराला चौपट वॉट, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. गेन पूर्ण बसवल्यावर हे वॉट यायचे कुठून? ते बटण शून्यावरच राहू द्या.

क्रॉसओव्हर, फेज आणि वेळ

सबला लो-पास ८० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरना हाय-पास (वरचंच सोडणारा) ८० हर्ट्झ, दोन्हीकडे उतार, म्हणजे नको ते सूर किती झपाट्याने कापायचे तो वेग, सारखा. ही सुरुवात. लो-पास स्टिरिओवर किंवा अ‍ॅम्पवर, एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे लावला तर उतार दुहेरी होतो आणि मधला पट्टा पोकळ ऐकू येतो. पोर्टवाला बॉक्स ३५ हर्ट्झचा असेल तर सबसॉनिक २८ ते ३०वर.

ट्यूनिंग जमलं याची खूण एकच: डोळे मिटून ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की बेस पुढून, डॅशबोर्डवरून येतोय असं वाटतं. मागून येतोय असं वाटलं तर लो-पास ७० किंवा ६०पर्यंत उतरवा, उतार तीव्र करा. तरीही मागेच राहिला तर डिकीत काहीतरी खडखडतंय. कानाला दिशा कळते ती ५० हर्ट्झवरून नव्हे, त्या खडखडाटावरून.

मग फेज, म्हणजे सब आणि दारातले स्पीकर एकाच तालात हलतात की उलट, ते. बेस गिटार ठळक असलेलं गाणं लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि कुणाला तरी अ‍ॅम्पवरचं फेजचं बटण ० आणि १८०मध्ये बदलायला सांगा. ८० हर्ट्झच्या आसपासचा बेस ज्या स्थितीत भरदार आणि पुढे वाटेल, ती बरोबर. बटण नसेल तर सबच्या दोन वायर उलटसुलट करून हाच प्रयोग होतो. दोन्हीत फरकच पडला नाही, तर फेज कुठेतरी मधे आहे आणि काम टाइम अलाइनमेंटने, म्हणजे जवळच्या स्पीकरना उशीर देऊन सगळ्यांचा आवाज कानाशी एकदम पोचवून, होईल.

ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कानापासून सब २ मीटर, ड्रायव्हरजवळचा दरवाजा ०.९ मीटर, पलीकडचा १.४ मीटर असेल, तर जवळच्या दाराला ३.२ आणि पलीकडच्याला १.७ मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. सबला शून्य, कारण तो सगळ्यात लांब आहे. टेपने मोजलेले आकडे सुरुवातीचे समजा. प्रोसेसर आणि फिल्टरही थोडा उशीर घालतात, म्हणून पुढे कानाने अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने सरकवत जायचं.

शेवटी सबची पातळी. बंद गाडीत छान वाटलेला बेस रस्त्यावर टायरच्या घरघरीत बुडतो, कारण ती घरघरही खालच्याच सुरांची असते. तेव्हा पातळी चालत्या गाडीतच ठरवा, बटणांना हात मात्र गाडी थांबवून लावा. कान परीक्षेसाठी तबल्याचं मुद्रण घ्या: डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली घसीट अखंड ऐकू आली पाहिजे. मधेच एखाद्या जागी ती फुगली किंवा गिळली गेली, तर तिथे उंचवटा किंवा खड्डा आहे. उंचवटा इक्वलायझरने अरुंद पट्ट्यात ३-४ डेसिबलने कापा. खड्डा भरायला जाऊ नका, लहरी एकमेकींना खात असतील तर कितीही वॉट ओता, काही होत नाही. त्याऐवजी बॉक्स उलटा फिरवून किंवा मागच्या कोपऱ्याकडे सरकवून पाहा. मोबाइलच्या अ‍ॅपने मोजणार असाल तर त्याचा माइक खालच्या सुरांना कच्चा असतो, म्हणून आकडे तुलनेपुरतेच वापरा.

कुरकुरी आणि त्यांची मुळं

इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी 'कुंईऽऽ' ऐकू येत असेल तर अ‍ॅम्पवरची आरसीए काढा. आवाज थांबला तर दोष स्टिरिओच्या बाजूला किंवा केबलमध्ये, नाही थांबला तर अ‍ॅम्पच्या अर्थिंगमध्ये. दहातल्या बहुतेक वेळा अर्थिंगच निघतं.

दर ठोक्याला हेडलाइट मंदावत असतील तर कपॅसिटर विकत घेण्याआधी हिशेब बघा: एक फॅरडचा कपॅसिटर १४.४वरून १२.५ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे २६ ज्यूल देतो. ५०० वॉटला ते सेकंदाचा विसावा भागही पुरेसे चालत नाहीत, शिवाय ते परत भरायचं काम अल्टरनेटरकडेच, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राकडेच. आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायर जाड करा. त्यानेही भागलं नाही तर अल्टरनेटरची क्षमताच तोकडी आहे.

प्रोटेक्टचा दिवा लागला तर सब काढून अ‍ॅम्प चालू करा. दिवा गेला तर सबची कॉइल किंवा त्याची वायर शॉर्ट आहे. खुद्द अ‍ॅम्प बिघडला असेल तर दिवा तसाच राहतो. गरम झाल्यावरच लागत असेल तर ओहम मोजा, अ‍ॅम्पवर गालिचा टाकलेला नाही ना पाहा. गाणं वाजताना करपट वास आला तर गाणं तिथेच बंद.

खडखड शोधायला २० ते १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर लावून गाडीभोवती फिरा. नंबर प्लेट, मागची पार्सल ट्रे, डिकीचं कुलूप, सीटबेल्टचं बक्कल, यांपैकी कुणीतरी बोलतंच. प्लेटच्या मागे फोमची पट्टी, डिकीच्या पत्र्याला ब्युटिलचे चिकट शीट. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, सपाट भागाच्या मधोमध लावलेला तुकडाही पुष्कळ काम करतो.

बसवल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अ‍ॅम्पचे टर्मिनल, अर्थिंगचा बोल्ट आणि सबचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. हादऱ्यांनी ते सैल होतातच. अर्धा तास चांगलं जोरात वाजवून झाल्यावर मुख्य फ्यूजचा होल्डर हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर आतली वायर सैल आहे किंवा होल्डर हलका आहे, तो त्याच दिवशी बदला.